चौदावी डिस्क

मिस्त्रींनी वीस वर्षं मेलेल्या हार्ड डिस्का जिवंत केल्या, आणि त्यानंतर ते जिवंत डिस्का मारायला लागले. कारण साधं होतं. बिघडलेली डिस्क उघडून आतला केसाएवढा भाग बदलायचा तर हात दगडासारखा स्थिर लागतो, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. ड्रिल मशीनच्या दांड्याला थोडी थरथर चालते. म्हणून त्यांनी एका गोदामाच्या तळमजल्यावर खोली घेतली, जड मशीन बसवलं आणि दारावर पाटी लावली. कंपन्या, दवाखाने, वकील आपले जुने कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यांच्या डिस्का इथे पाठवायचे. मिस्त्री प्रत्येक डिस्कचा नंबर यादीशी ताडून पाहायचे, ती शिकंज्यात आवळायचे आणि आरपार तीन भोकं पाडायचे. मग सही-शिक्क्याचा दाखला, की यातलं आता कुणालाही वाचता येणार नाही.

"आधीच छिद्रान्वेषी माणूस," त्यांची बायको म्हणायची, "त्यात आता पगारी!"

त्या मंगळवारी सकाळी एक खोकं आलं ते एका समुपदेशन केंद्रातून. नवराबायकोची भांडणं, आईबापांशी न पटणारी मुलं, झोप उडालेली माणसं, अशांशी तीस वर्षं बोलणाऱ्या बाई आता निवृत्त होत होत्या. पांढरे आखूड केस, पायात कापडी बूट. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं सगळं आपल्या डोळ्यांदेखत नष्ट व्हावं म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. सोबत त्यांच्या केंद्रात पहिल्या दिवसापासून टेबलावर बसणारी, फोन घेणारी, वेळा लिहिणारी बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत.

मिस्त्रींनी दोघींना डोळ्यांवर लावायला चष्मे दिले आणि काम सुरू केलं. मशीन घरघरायचं, ॲल्युमिनियमचे चमकते कुरळे किस खाली पडायचे, तेलाचा वास यायचा. बाई प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीने खूण करत होत्या. तेरा झाल्या. मिस्त्रींनी खोक्यात हात घातला, तर खोकं रिकामं.

"यादीत चौदा आहेत," ते म्हणाले.

"मोजायला चुकला असाल," मावशी लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच.

मिस्त्रींनी पुन्हा मोजल्या. तेराच. "तेरांचा दाखला आत्ता देतो. चौदावीचा ती पाहिल्याशिवाय नाही देता येणार. माफ करा."

बाईंनी यादी निरखून पाहिली. "माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. मग मावशीकडे न बघताच म्हणाल्या, "केंद्रातच कुठे तरी राहिली असेल. तू शोध आणि उद्या तूच घेऊन ये. मला काही पुन्हा यायला जमणार नाही."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्रींनी तो पाहिला आणि तेरांचा दाखला लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी एकटीच आली. कापडी पिशवीतून तिने टॉवेलात गुंडाळलेली डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी नंबर पाहिला. चौदावीच होती. त्यांनी शिकंजा सैल केला, पण मावशीने डिस्कवर हात ठेवला.

"थांबा. दारावरच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, तुम्ही पूर्वी डिस्का दुरुस्त करायचात म्हणून."

"हो."

"मग ही वाचता येईल तुम्हाला?"

"बिघडलेली आहे का?"

"नाही. फक्त कुलूपबंद आहे. बाईंचा पासवर्ड मला कधीच माहीत नव्हता."

मिस्त्री खुर्चीवर बसले आणि तिलाही बसा म्हणाले. तीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं राखणाऱ्या जागी बसलेली ही बाई. तिच्या पोटातलं बाहेर यायला वेळ लागणार हे त्यांनी ओळखलं. त्यांनी थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला.

चहा निवत आला तेव्हा ती बोलली. तिला एक धाकटी बहीण होती. बारा वर्षांपूर्वी मावशीनेच तिला बाईंकडे आणलं होतं. ती त्या काळात फार गप्प गप्प असायची. सहा वेळा ती आली. दार बंद करून बाईंशी बोलायची आणि मावशी बाहेर फोन घेत बसायची. सहाव्या वेळेनंतर बहीण टेबलासमोरून गेली ती मान वर न करता. त्या दिवसापासून तिने मावशीशी बोलणंच टाकलं. फोन उचलेना, पत्राला उत्तर देईना.

"मी तिचं काय वाकडं केलं?" मावशी म्हणाली. "लहानपणी आई कामावर जायची, मीच तिला वाढवलं. कधी फटका दिला असेन, कधी टोचून बोलले असेन. बारा वर्षं आठवून आठवून डोक्याचा भुगा झाला. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण ती माझ्याबद्दल काय बोलली ते यात आहे, दादा. एकच पान. बाकी कुणाचं मला काही नको."

मिस्त्रींनी डिस्क हातात घेतली. कुलूप काही फार मोठं नसणार. त्या काळातले कॉम्प्युटर त्यांना तळहातासारखे माहीत होते. संध्याकाळपर्यंत ते पान पडद्यावर आलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यांची बोटं शिवशिवली. भोकं पाडणं हे काही त्यांचं मूळचं काम नव्हे.

"येईल वाचता," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

मावशीने खुर्ची पुढे ओढली.

"पण एक सांगतो. एकदा एक माणूस वडिलांची डिस्क घेऊन आला होता. त्याला फोटो हवे होते. फोटो मिळाले, आणि सोबत वडिलांनी लिहून न पाठवलेली पत्रंही मिळाली. त्यात त्याच्याबद्दल बरंवाईट सगळं होतं. बहुतेक वाईटच. तो बाहेरच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून होता. उठून गेला तरी आतून बसलेलाच असणार. त्याला उलट विचारायला वडील नव्हते हो." मिस्त्री जरा थांबले. "तुमची बहीण आहे ना?"

"आहे की. बसने अर्ध्या तासावर राहते."

"मग डिस्कला कशाला विचारता?"

मावशी रागावली. "सोपं आहे बोलायला! दार नाही उघडलं तर?"

"नाही उघडलं तर तेवढंच कळेल. आणि हे वाचलंत, तर उद्या तिने दार उघडलं तरी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघाल?"

रस्त्यावरून एक ट्रक मागे मागे येत पीं पीं करत होता. तो थांबला तेव्हा तिने नाक पुसलं, चष्मा लावला आणि उभी राहिली.

"मला पाडू द्या भोक."

मिस्त्रींनी डिस्क आवळून दिली, तिचा हात दांड्यावर ठेवला, हळू दाबा म्हणाले. पहिल्या भोकाला तिचे खांदे कानापर्यंत गेले. दुसऱ्याला जरा कमी. तिसरं तिने सरळ पाडलं. मिस्त्रींनी दाखला लिहिला, साक्षीदाराच्या जागी तिची सही घेतली.

"बाईंना मी स्वतःच सांगेन, ती मी नेली होती म्हणून," ती जाताना म्हणाली.

"त्यांना ठाऊक नसेल असं वाटतं तुम्हाला?"

मावशी दारातच थबकली. मग मान हलवत गेली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. हातात काही नव्हतं, नुसतीच आली होती. मिस्त्रींनी मशीन बंद केलं.

"उघडलं दार," ती म्हणाली. "लगेच नाही. साखळी लावून आधी फटीतून बघत राहिली. मग म्हणाली, 'वाचून झालं का सगळं?' मी म्हटलं, काय वाचून? तर म्हणते, 'माझी फाईल. तू तिथेच तर बसायचीस. तू वाचल्याशिवाय राहिली असशील?'"

"म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिने बाईंना काही तरी सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "स्वतःबद्दलचं. माझ्याबद्दलचं नव्हेच हो. आणि सांगून बाहेर आली तर समोर मी. तिच्या मनाने घेतलं, की आता हिला कळणार. लाजेने तिला माझ्यासमोर उभं राहवेना. इतकी वर्षं मी मनाशी खुलासे करत बसले, आणि ती तिकडे मला तोंड दाखवायला घाबरत होती."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी वाचली नाही, आणि आता कुणालाच वाचता येणार नाही, ती डिस्क मी माझ्या हाताने फोडली. तिने माझ्याकडे असं पाहिलं! लहानपणी खोटं पकडायला बघायची ना, तस्संच. आणि साखळी काढली."

"काय होतं ते सांगितलं का तिने?"

"नाही. मी विचारलंही नाही. सांगेल वाटलं तर." मावशी खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच नीट हसली. "भांडली मात्र तासभर. मी लहानपणी तिची निळी फीत हरवली म्हणे! मला आठवतसुद्धा नाही. रविवारी माझ्याकडे जेवायला येतेय, तेव्हा आणखी काय काय काढते कोण जाणे."

मिस्त्रींनी विचारलं, चहा घेणार का. ती म्हणाली, नको, घर आवरायचंय, पडदे धुवायचेत. बहीण बारीकसारीक सगळं बघते. आणि बस चुकेल म्हणून भरभर निघालीसुद्धा.