जोडावरचा डोंगर

...आणि बोल्ट आत गेला. न अडता, न कुरकुरता, बोटाच्या पेराएवढा तो पितळी बोल्ट तिच्या बोर्डाच्या कडेतल्या भोकातून शिरला आणि पलीकडच्या बोर्डाच्या भोकात असा जाऊन बसला, की वाटावं, दोन्ही भोकं एकाच दिवशी एकाच हातानं पाडली असावीत. तिनं वाकून खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांच्या सांध्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या आणि खोटे दात घासून चोख करणाऱ्या बाईचं नख ते. केसाएवढा उंचवटा त्याला कळतो, आणि इथं त्याला काहीच कळलं नाही, म्हणजे सांधा पक्का. तिला बरं वाटलं. आपलं काम चोख असणार हे तर तिला ठाऊकच होतं, बरं वाटलं ते दुसऱ्याचंही तसंच निघालं म्हणून – आणि दुसरा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून त्या बरं वाटण्यावर तिनं लगेच झाकण ठेवलं.

मग तिनं मान वर केली आणि डोंगर पाहिला.

तिचा डोंगर. रुळांच्या डाव्या अंगानं चढत आलेला, घासणीचा काथ्या चहाच्या पाण्यात बुडवून केलेल्या झुडपांचा, रंगवलेल्या भुशाच्या गवताचा तिचा डोंगर सांध्यापाशी येऊन सुरीनं कापल्यासारखा थांबला होता, आणि पलीकडे धाकट्याच्या बोर्डावर त्याच जागी ओढा होता. तिचा ओढा उजवीकडून खळखळत यायचा तो थेट धाकट्याच्या डोंगरावर डोकं आपटत होता. रूळ तेवढे सरळ, इकडून तिकडे, काही घडलंच नाही अशा थाटात.

"अगं बाई," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

उद्या सकाळी प्रदर्शनाची दारं उघडणार. दालनभर ठोकाठोक चाललेली, कुणी टेबलं सरकवतंय, कुणी तारा ओढतंय, कुणाचं इंजिन कालपर्यंत धावत होतं ते आजच रुसलंय. क्लबची रीत अशी, की अख्खा रेल्वेमार्ग कुणा एकाच्या घरात मावत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या घरी एकेक बोर्ड करायचा आणि आदल्या दिवशी सगळे आणून एकाला एक जोडायचे. मधे स्टेशन करा, गोदाम करा, शेत करा, तुमची मर्जी. कडा मात्र जुळल्या पाहिजेत. बाकीचे सगळे सांधे सपाट. डोंगर आणि ओढा फक्त या एकाच सांध्यावर, आणि त्यासाठी क्लबातल्या सुतारानं प्लायवूडचा एक फर्मा कापून दिला होता – एका अंगाला जमीन इतकी चढते, मधे रूळ, दुसऱ्या अंगाला इतकी उतरते. तो बोर्डाच्या कडेला लावायचा, पेन्सिल फिरवायची, त्या रेघेपर्यंत प्लास्टर चढवायचं. शेजाऱ्याशी बोलायचीसुद्धा गरज नाही. ही सोय तिला फार आवडली होती, कारण तीन वर्षं ती धाकट्याशी बोललेली नव्हती. फर्मा आधी तिच्याकडे आला, तिनं काम उरकून तो गार्डसाहेबांकडे दिला, गार्डसाहेबांनी तो धाकट्याकडे पोचवला. दोघांचे बोर्ड यंदा शेजारी टाकायची अक्कलही गार्डसाहेबांचीच. गार्डसाहेब म्हणजे क्लबचे अध्यक्ष. जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, रेल्वेत एक दिवस नोकरी केली नाही, पण गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात.

ते आलेच. सांध्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडात घातली, न वाजवता परत काढली.

"गार्डसाहेब," ती म्हणाली, "यांना विचारा, फर्मा उलटा कसा काय लावला."

धाकटा हातभर अंतरावर उभा होता. कापडाच्या कारखान्यात तो कटर-मास्तर. पन्नास थरांचा गठ्ठा एका वेळी कापायचा आणि एकही बाही इकडची तिकडे जाऊ द्यायची नाही, हे त्याचं काम.

"गार्डसाहेब," तो सांध्याकडे बघत म्हणाला, "ताईला सांगा, उलटसुलट मला कळतं. चूक झाली असेल तर ती इथं नाही झालेली."

ताई म्हणतो. तीन वर्षांत एक शब्द नाही, पण तिसऱ्या माणसाजवळ बोलताना अजून ताई. या माणसाचं काय करावं! तिला राग आला, आणि रागात ती नेहमीच हुशार व्हायची. डावं-उजवं मला शिकवतो... माझ्याकडे येणारा प्रत्येक जबडा उलटा येतो, खालचा वर, आतला बाहेर, आणि तो डोक्यात सुलटा करूनच मी दात बसवते. इतक्या वर्षांत एका माणसाच्या तोंडात दात चुकीच्या बाजूला गेला नाही. चूक माझी असूच शकत नाही. ती चूक माझी नाही हे मला जसं कळतं तसंच तेव्हाही...

तेव्हाही. हे असं होतं. कुठूनही निघालं तरी गाडी त्याच स्टेशनात.

तेव्हाही प्रदर्शनच होतं, परगावचं. मांडणी चालवायची जबाबदारी तिच्यावर, आणि आईजवळ धाकटा. दिवसभर ती गाड्या सोडत होती. तिच्या हाताखाली एक डबाही घसरला नव्हता, लोक टाळ्या वाजवत होते, एक आजोबा तर खुर्चीच घेऊन येऊन बसले होते. आणि त्याच दिवशी सकाळी आईच्या छातीत कळ आली, दुपारी धाकट्यानं तिला इस्पितळात नेलं, दिवेलागणीला ती गेली. फोन आला तो शेवटचं इंजिन खोक्यात ठेवल्यावर. "आईच म्हणाली, तिला सांगू नकोस, तिचं काम होऊ दे." असं म्हणाला. आई म्हणाली! साधी शिंक आली तरी दोन्ही पोरांना कळवणारी बाई ती; तुरीची डाळ शिजली नाही तरी मला फोन करायची, आणि मरताना म्हणणार सांगू नकोस? साफ खोटं. यानं घाबरून फोन केला नाही आणि नंतर आईच्या तोंडी शब्द घातले. तिला हे पक्कं ठाऊक होतं. आल्यागेल्यांनी भरलेल्या घरात तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "तू माझी आई माझ्यापासून चोरलीस." तो काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे कबूलच की.

तेवढ्यात सुतार फर्मा घेऊन आला. बोलावणं गार्डसाहेबांनी धाडलं असणार. त्यानं फर्मा तिच्या बोर्डाच्या कडेला धरला. बसला. तिनं धाकट्याकडे पाहिलं नाही, पण आपण पाहत नाही हे त्याला दिसेल अशा बेतानं मान ताठ केली. मग सुतारानं फर्मा मनगटात फिरवून दुसरं अंग पुढे केलं आणि धाकट्याच्या कडेला धरला. तिथंही बसला. तसूभर फट नाही.

"दोघांचंही बरोबर आहे," सुतार म्हणाला.

"दोघांचं बरोबर कसं असेल?" ती म्हणाली. "यावर खूण कुठाय, पुढची बाजू कुठली, मागची कुठली?"

"पुढचीमागची असते कुठं? मांडणी दालनाच्या मधोमध, लोक दोन्हीकडून बघणार. खूण कशाला करू? शेजारीशेजारी बोर्ड, सख्खी भावंडं... एक फोन करायचा ना, डोंगर कुठल्या हाताला घेतोयस म्हणून."

एवढं बोलून आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "माझं जरा तिकडे..." असं पुटपुटत तो निघाला. गार्डसाहेबांनाही एकाएकी तारा तपासायची आठवण झाली, ज्यांना तारेतलं ओ की ठो कळत नाही त्यांना. दोघंच उरली.

तिला हसू आलं असतं. फर्म्यानं दोघांनाही खरं ठरवलं, आणि डोंगर मात्र ओढ्यात. पण हसायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर आता तिचं डोकं चालू लागलं होतं, आणि ते चालू लागलं की तिला जगात कुणाची भीती वाटत नाही. डोंगर फोडायचा तर प्लास्टर वाळायला दिवस लागेल. ओढा हलवायचा तर रंग, वाळू, पाण्याची वार्निश, सगळं पहिल्यापासून. म्हणजे काही फोडायचंच नाही. तिचा डोंगर रुळांवरून कमान घेऊन पलीकडे न्यायचा आणि त्याच्या डोंगराला भिडवायचा. खालून बोगदा. ओढ्यांना दोन्हीकडे कमानीखाली दडवून टाकायचं. ओढा डोंगराखालून गेला तर कोण जाब विचारायला येतंय? आणि वरचं झाकण सुटं ठेवायचं, म्हणजे परवा बोर्ड सोडवताना उचलता येईल. झालं! उलट आधीपेक्षा झकास. गाडी डोंगरात शिरते आणि दिसेनाशी होते, लोकांना एवढंच तर हवं असतं. तिनं पिशवीतून जाळी काढली, दातांचे साचे घेतात ते प्लास्टर काढलं, वाडग्यात पाणी ओतलं, सांध्यावर पातळ प्लास्टिक अंथरलं, जाळीची कमान वाकवली. आणि मग लक्षात आलं, की कमान सांध्याच्या दोन्ही अंगांना टेकते. एका माणसाचं हे काम नव्हे.

गार्डसाहेब दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून.

"जाळी धर," ती म्हणाली.

तीन वर्षांनंतरचे पहिले शब्द. ती मनात काय काय रचत आली होती, एकेक वाक्य धार लावून ठेवलेलं. आणि निघालं काय, तर जाळी धर.

"कुठून?"

"तिकडून. घट्ट नको, चेपेल. तळवा खाली घाल."

त्यानं तळवा खाली घातला. तिनं प्लास्टर कालवलं, कापडाच्या पट्ट्या बुडवून जाळीवर टाकत गेली, त्याच्या बाजूपर्यंत हात पोचेना तेव्हा न सांगता त्यानं पट्टीचं दुसरं टोक घेतलं आणि ताणून बसवलं. कापडाचा हात आहे त्याला. सुरकुती पडू दिली नाही. चांगला बसवलास, असं ती म्हणाली नाही. शेवटची पट्टी टाकून तिनंही आपला तळवा खाली धरला.

"आता हलू नकोस. तापेल, मग निवेल. निवलं की सोडायचं."

"हं."

आता काहीच करायचं नव्हतं. तिला रिकामे हात सोसत नाहीत, आणि हे तर भरलेले असून रिकामे. तिनं इकडेतिकडे बघून घेतलं. मग बघायला तोच उरला. तो उभा होता. पाय बदलत नव्हता, किती वेळ म्हणून विचारत नव्हता, सुस्कारे टाकत नव्हता. लहानपणी हा दोन मिनिटं एका जागी टिकायचा नाही, आई पाठीमागे घास घेऊन धावायची, कारण भुकेची वेळ टळली की याचं डोकं चढायचं, ओठ पांढरे पडायचे आणि मग हा ओकायचा. अजूनही तसाच असणार. जेवणवेळ केव्हाच टळून गेलेली... तिनं ओठांकडे पाहिलं. पांढरे. सकाळपासून बोर्ड वाहतोय, पोटात काही गेलं नसेल, आणि सांगणारही नाही मेला. असं उभं राहायला हा कधी शिकला?

आई गेली त्या दिवसाचा धाकटा तिच्या डोक्यात एकच होता: फोन हातात घेतलेला आणि नंबर न लावणारा. तीन वर्षं तेवढाच. सकाळच्या कळेपासून दिवेलागणीपर्यंत तो तसाच उभा, फोन धरून, गुन्हेगार. पण फोन न लावायला कितीसा वेळ लागतो? उरलेला दिवस तो काय करत होता? आईला जिन्यावरून खाली कुणी उतरवलं... ती तर जड होती, गुडघ्यांनी अधू. औषधं आणायला खाली गेला असेल तेव्हा आईजवळ कोण बसलं? का गेलाच नाही, का धावत गेला आणि धावत आला? हे सगळं तिनं कधी बघितलंच नव्हतं. आणि तिनं बघितलं नव्हतं ते तिथं नव्हतंच, असं धरून ती चालली होती. मी, जिला केसाएवढा उंचवटा कळतो.

हाताखाली प्लास्टर तापू लागलं. तिला विचारायचं होतं, सकाळपासून काही खाल्लंस का. एवढंच. पिशवीत पोळीभाजीचा डबा होता, दोघांना पुरला असता.

"त्या दिवशी काही खाल्लं होतंस का रे?" ती म्हणाली.

कोणत्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. त्याची मान खाली होती, बोगद्याच्या तोंडाशी, जिथून रूळ आत जात होते.

"नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही."

तक्रार नव्हती. हिशोब नव्हता. जसं घडलं तसं सांगितलं. त्याच्या तोंडून निघू शकेल अशा प्रत्येक वाक्याला तिच्यापाशी उत्तर तयार होतं, पाठ होतं, आंघोळ करताना, साचे भरताना, रस्ता ओलांडताना घोकलेलं. हे वाक्य त्यात नव्हतं.  तिला रडायचं नव्हतं, आणि ती रडलीही नाही, पण मन कळवळलं, अगदी स्पष्ट, पोटातून, इस्पितळातल्या कुठल्याशा बाकावरच्या, ओठ पांढरे पडलेल्या त्या माणसासाठी, आणि तो हाच होता. आई खरंच तसं म्हणाली होती का, हा तिचा प्रश्न, रोजचा, पहिला – तो कुठंतरी मागे राहिला होता. त्याच्या आधी विचारण्यासारखं इतकं होतं. बाक होता की खुर्ची. आईचा हात कोणत्या हातात होता. ती गेल्यावर तू घरी कसा आलास, पायी, की कुणी सोडलं, आणि दार उघडल्यावर पहिल्यांदा काय केलंस. प्लास्टर निवत चाललं होतं, तळव्याला ते कळत होतं, आणि तिला एकाएकी सगळंच विचारायचं होतं, आणि सुरुवात कुठून करावी हे काही केल्या सुचत नव्हतं – तिला, जिला आजवर कोणत्याही कामात सुरुवात कधी शोधावी लागली नव्हती.