कालिंदीबाईंचा खलबत्ता

काशीच्या रामघाटावरच्या एका स्वयंपाकघरात, फळीच्या खालच्या अंगाला बसलेला मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे, मित्रांनो. भट्टीत ओतला गेलो आणि लोहटियाच्या लोखंडबाजारात विकायला आलो. या घरच्या प्रेमलाबाईंनी मला वाजवून पाहिलं, तडा नाही याची खात्री केली आणि घरी आणलं. पहिली काही वर्षं मी सुंठ आणि वेलदोडे कुटले. माझा आवाज घरभर जायचा, मला तो आवडायचा.

मग कालिंदीबाई या घरात सून होऊन आल्या. प्रेमलाबाईंचे चिरंजीव दत्तात्रेयशास्त्री हे त्यांचे यजमान. ते पौरोहित्य करीत. महाराष्ट्रातून काशीला श्राद्धासाठी येणाऱ्यांचा स्वयंपाक आमच्याच घरी होई, तोही कडक सोवळ्यात. सोवळ्यातल्या बाईला मध्येच शौचाला जावं लागलं, तर पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं सोवळं, आणि चुलीवरचं तसंच पडून. कालिंदीबाईंना मात्र कधी उठावंच लागत नसे. पहाटे सोवळं नेसल्या की शेवटची पंगत उठेपर्यंत त्या चुलीपुढेच. अशी सोवळ्याची सून भाग्याने मिळते, असं प्रेमलाबाई आल्यागेल्याला सांगत. शेजारच्या सुनांना त्यांचं उदाहरण दिलं जाई.

या गुणी सुनेला आठवडा-आठवडा शौचाला होत नसे, हे मला ठाऊक होतं. औषध माझ्यातच तर कुटलं जाई. एरंडेलात तळलेले बाळहिरडे, सोनामुखी, बडीशेप. चूर्ण वाढत गेलं, जोडीला इसबगोल आला, बेलाचं सरबत आलं. जो येई तो म्हणे, पाणी पी, भाजी खा, चालत जा. त्या पाणी पीत, भाजी खात, घाटाच्या पायऱ्या चढून-उतरून येत, आणि पोट ढोलासारखं फुगतच राही. लोखंडाला दया नसते म्हणतात. पण कुटता कुटता त्या थांबत, पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसत, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

एका श्राद्धाच्या दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि भात तसाच राहिला. मग शास्त्रीबुवांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रेत दिसणाऱ्या बारीक कड्या भरलेली कॅप्सूल गिळायला दिली आणि काही दिवसांनी पोटाचा एक्स-रे काढला. एव्हाना बाहेर पडायला हव्या होत्या त्या कड्या जवळजवळ सगळ्या आतच होत्या. मोठं आतडंच फार मंद चालतं, यात बाईंची काही चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अशा पोटात इसबगोलासारखा आणखी भुसा भरला तर त्रासच वाढतो, असंही ते म्हणाले. नवी औषधं झाली, फरक पडला नाही. तेव्हा ऑपरेशनची गोष्ट निघाली. मोठं आतडं काढायचं आणि लहान आतडं खाली जोडायचं. फुगणं तरीही राहू शकतं, आणि नंतर दिवसातून पुष्कळदा जावं लागेल.

म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक संपलाच. प्रेमलाबाई म्हणाल्या, "ऑपरेशनचं मग बघू. पितृपक्ष तोंडावर आलाय, रसोई कोण सांभाळणार?"

कालिंदीबाईंनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "आई, तुम्ही ज्याचं कौतुक करत होतात ना, ते माझं दुखणं होतं. मला ऑपरेशन करवून घ्यायचंय. मग दिवसभर आंघोळी कराव्या लागल्या तरी चालेल."

प्रेमलाबाईंनी आधारासाठी लेकाकडे पाहिलं. शास्त्रीबुवा उठले, आंघोळ करून सोवळं नेसून आले आणि बायकोच्या पाटावर चुलीपुढे बसले.

"वरणाला मीठ किती घालतेस, तेवढं सांग," ते म्हणाले.

आज कालिंदीबाई दवाखान्यात आहेत. पुढे कसं होईल, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. घरातलं वरण खारट होतं आणि सगळे मुकाट्याने जेवतात. मला आता कोणी काढत नाही, अंगावर गंज चढू लागला आहे. मला नाही पुसलंत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या घरात कोणी कधी जागचं उठत नसेल, कधी काही मागत नसेल, तर कौतुक करण्याआधी जवळ जाऊन विचारा, तुला बरं आहे ना?