डूगलचं पाणमांजर

मे महिन्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला मला पाणउंदीर मरून पडलेले दिसले. मानेवर एक चावा, बाकी अंगाला धक्का नाही. खाल्लेले नव्हतेच, नुसते मारून बिळाच्या तोंडाशी टाकलेले. हे काम मिंकचं, आणि तेही मादीचं. नर अंगाने मोठा असतो, तो त्या बिळात शिरूच शकत नाही.

मिंक म्हणजे मुंगसाएवढं, पाण्यात पोहणारं शिकारी जनावर, पण ते आमच्याकडचं नव्हे. कुणा शहाण्यांनी कातड्यासाठी समुद्रापलीकडून आणलं, पिंजऱ्यांत पाळलं, आणि ते निसटून नदीनदीला पसरलं. शहाणे केव्हाच मोकळे झाले, निस्तरत बसलोय आम्ही. आमच्या खोऱ्यात हे काम सुरू केलं माझ्या थोरल्या भावाने, डूगलने. उभा जन्म तो इथे रानराखा होता. ओढ्यात तराफा सोडायचा, त्यावर लाकडी बोगदा आणि बोगद्यात ओल्या मातीचा थाळा. बोगदा दिसला की मिंकला आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. मातीत पंजे उमटले तरच तिथे सापळा लावायचा, रोज सकाळी जाऊन बघायचा, आणि सापडलेलं जनावर जागच्या जागी गोळी घालून संपवायचं. परत सोडायला कायद्यानेच बंदी आहे. हे सगळं त्यानेच मला शिकवलं, शिव्या घालून घालून.

गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जेवणावरची वासना उडाली. माझी वहिनी कर्स्टी चमच्याने भरवायची आणि तो तोंड मिटून घ्यायचा. आम्ही दोघींनी मनातून आशा सोडली होती. मग एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"ऊना, तो बोलला गं! 'बघ' म्हणाला! आपल्या काठावर पाणमांजर येतंय रोज. तो ट्राउट माशांची मुंडकी टाकतो त्याला. आज तर दोन वाट्या सूप प्यायला!"

मी फोनवरच रडले. आणि जिथे पाणमांजर राहतं तिथे मिंक फिरकत नाही, हे इथल्या प्रत्येक सापळेवाल्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. म्हणून त्यांच्या घराखालचा तराफा तेवढा मी बघायची सोडून दिला.

मेलेले उंदीर बघितल्यावर मी ओढ्यावरचे सगळे तराफे पालथे घातले. मातीचे थाळे कोरे. राहिला तो एकच. त्याच्या मातीत पंजेच पंजे होते, बारीक, चांदणीसारखे. पाणमांजराचा पंजा माझ्या तळहाताएवढा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याकडे गेले. डूगल मागच्या भिंतीशी बाकावर बसला होता, गुडघ्यावर माशाचं मुंडकं. कर्स्टी माझ्या कानाशी लागली, "हलू नकोस हं. महाराणी येतील आता."

ती आली. काठाच्या गवतातून, मांजरापेक्षाही लहान, काळपट तपकिरी, आणि हनुवटीवर पांढरा ठिपका. डूगलने बुटाशी टाकलेलं मुंडकं उचललं आणि घराच्या कोपऱ्याकडे पळाली.

"बघ," डूगल म्हणाला. स्पष्ट. माझ्या भावाचा आवाज.

मी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस पलीकडच्या काठावरून, धुक्यात, मिंक ओळखायचा. त्याने नजर बुटांकडे वळवली. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

स्वयंपाकघरात मी कर्स्टीला सांगितलं. ती किटलीत पाणी भरत होती, भरतच राहिली.

"असू दे की मिंक. तुला काय करायचंय?"

"वरचे पाणउंदीर संपवतेय ती. अख्ख्या खोऱ्यात तेवढेच उरलेत."

"उंदीर! तुझ्या घरात निघाले तर तूच औषध घालशील."

"ते घरातले, हे काठावर गवत खाऊन जगणारे. डूगलने वीस वर्षं घालवलीत त्यांच्यासाठी."

"आणि आता त्याला ही हवीय! चार महिने मी त्या माणसाशी भिंतीशी बोलावं तसं बोलले, ऊना. शरदापर्यंत थांब. एवढं कर माझ्यासाठी."

"शरदापर्यंत तिची पिल्लं सगळ्या ओढ्यावर पसरतील."

"तुला काळीज आहे का गं?"

होतं, आणि ते तेव्हा चांगलंच दुखत होतं. मी बाहेर येऊन डूगलसमोर उकिडवी बसले. "लावू का सापळा?" त्याने तोंड फिरवलं. हो म्हणाला नाही, पण डावा हात चांगला चालत असताना मला अडवलंही नाही. मी खालच्या तराफ्यावर सापळा लावला.

सकाळी ती सापळ्यात होती. मी पिस्तूल लावलं, एका गोळीत काम झालं. मग तिला उताणी केली. आचळं दुधाने ओली होती.

पिल्लं कुठेतरी होती. डोळेही न उघडलेली. भुकेने मरायला त्यांना दिवस लागले असते. आई मारली तर पिल्लं शोधायची, उपाशी सोडून घरी जायचं नाही. डूगलचा हा नियम न पाळणाऱ्याला त्याने पुन्हा सापळ्याला हात लावू दिला नव्हता. आणि ती कुठे जाते हे सांगू शकणारा माणूस तोच एक होता.

तो बाकावर तिची वाट बघत होता. माझ्या बाहीवरचं रक्त त्याला दिसलं.

"डूगल, ती पाजत होती रे. पिल्लं कुठे आहेत?"

कर्स्टी दारातून ओरडली, "मारलीस? मारलीस तिला? सांगू नकोस रे हिला! मी बाटलीने पाजीन त्यांना!"

"पाळायलाही बंदी आहे, कर्स्टी. तो सांगणार नसेल तर मरतीलच ती. नुसती सावकाश."

डूगलने दारातल्या कर्स्टीकडे पाहिलं. मग त्याने डावा हात उचलला. मुंडकं गुडघ्यावरून खाली पडलं. हात त्याच्या स्वतःच्याच पाठीमागे गेला, बाकामागे भिंतीला लावलेल्या जळणाच्या ढिगाकडे. तिथे पाठ लावून तो रोज बसत होता. त्यांचं चिवचिवणं ऐकत बसत होता.

मी ओंडके काढले. तळाशी गवत आणि माशांच्या काट्यांत पाच पिल्लं होती, बोटाएवढी. कर्स्टी त्याला आत न्यायला आली, पण त्याने बाकाची कड सोडली नाही. पाचही पिल्लं मी संपवीपर्यंत तो बसून राहिला.

मग त्याने तळहात पुढे केला. रानराख्याची जुनी सवय, काम पुरं झालंय का ते हाताने पाहायचं. मी एकेक पिल्लू त्याच्या हातावर ठेवलं, तो अंगठ्याने श्वास चाचपून मांडीवर ठेवत गेला. पाचव्यावर अंगठा थांबला. ते अजून हलत होतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की ते परत घ्यायला मी घाईने हात पुढे केला.

त्याने दिलं नाही. अंगठा मानेवर ठेवला आणि दाबला.

वरच्या अंगाला पाणउंदीर आहेत. नवी बिळं दिसतात, काठाला कुरतडलेलं गवत दिसतं. डूगल त्यानंतर बोललेला नाही. मी रविवारी जाते तेव्हा कर्स्टी दारातूनच सांगते, "झोपलाय तो." परत फिरताना मला खिडकीतून तो दिसतो. जागा असतो, आणि मला पाहिलं की डोळे मिटून घेतो.