अंड्यांची मोटारसायकल

विलायतेत लीड्सला शिकणारा आदेश खोब्रागडे सुट्टीत आपल्या मूल गावी आला आणि पहिल्या आठवड्यात त्यानं घरच्यांना हसवून हसवून लोळवलं. तिकडे म्हातारीच्या पायावर आपला पाय पडला, तर सॉरी तीच म्हणते. बसमधून उतरताना जो तो ड्रायव्हरचे आभार मानतो. "आन् आपल्या इथी ड्रायव्हरच शिव्या देते," धाकटी बहीण करिष्मा म्हणाली.

बाजाराच्या दिवशी दोघं तांदळाच्या गिरणीजवळ स्कूटी उभी करून बोलत होती. तेवढ्यात अंड्यांचे ट्रे बांधलेली एक मोटारसायकल मागून येऊन थेट स्कूटीवर आदळली. रस्ता पिवळा झाला. आदेशच्या तोंडून सवयीनं निघालं, "सॉरी, सॉरी! लागलं का भाऊ?"

मोटारसायकलवाला दिनेश गुडघे झाडत उठला. "पाहा बे, सॉरी म्हनून राह्यला! याचीच चूक होय!"

"नाई भाऊ, ते तसं सॉरी नाई..."

"मंग कसं होय?"

उत्तराआधी कानाखाली बसली. चष्मा उडाला. दिनेशच्या मागं बसलेल्या लच्छूनं आदेशचे हात पाठीमागं धरले. "आपण शांतपणे बोलू," आदेश म्हणत राहिला, तोवर पोटात गुडघा बसला, ओठ फुटला. भोवती गर्दी जमली, मधे कोणी पडलं नाही.

"सोड माह्या भावाले!" करिष्मानं हेल्मेट लच्छूच्या कोपरावर हाणलं. हात सुटले. पण दिनेशनं तिला ढकललं आणि ती तोंडावर गिट्टीत पडली.

आदेशनं वीट उचलली. पहिला घाव दिनेशच्या खांद्यावर, दुसरा कपाळावर. दिनेश खाली पडला तरी आदेशचा हात चालूच होता. चौघांनी ओढून काढलं तेव्हा त्याचं मनगट मोडलेलं होतं, आणि त्याला ते दुखतही नव्हतं.

दवाखान्यात आदेश आणि दिनेशच्या खाटा शेजारीच आल्या. दिनेशला नऊ टाके पडले होते.

"चूक नव्हती तं सॉरी काऊन म्हटलं बे?"

"तिकडं म्हनतात. कोनाचीही चूक असो."

दिनेश हसला, टाके ताणले तसा कळवळला. पोलिसात मात्र दोघांनीही तक्रार दिली नाही.

उजवा हात प्लास्टरमध्ये. घरी करिष्मा त्याला भाताचा घास भरवत होती. तिची हनुवटी सोललेली होती.

"दादा, लोकायनं ओढलं नसतं तं तू थांबला असता का?"

आदेशनं घास गिळला. "मले पानी दे," तो म्हणाला.