गोगलगाय किती चालली?

एक काळी, सरळ रेघ.

खिडकीच्या काचेशी धरलेली दोन पानं.

पुढचे दोन दात पडलेली मुलगी, पेन्सिलीचं टोक ओठात.

छापखान्यात संपलेला लांब कागद.

शून्य. शून्य. शून्य. शून्य.

"आधी मोज. मग रड."

उत्तर: ______ सेंटिमीटर.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटलं असेल. ते सगळे माझेच आहेत. मी एक जुना प्रश्न आहे. वही नाही, पुस्तक नाही, फक्त एक प्रश्न. माझ्या एका टोकाला गोगलगाय आहे, दुसऱ्या टोकाला झाडाचं पान आहे आणि मध्ये रेघ आहे. खाली लिहिलंय: 'पानापर्यंत पोहोचायला गोगलगाय किती सेंटिमीटर चालेल? पट्टीने मोजून लिहा.'

उत्तराची जागा मी अजून कोरी ठेवली आहे. गुपित सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. जित्याची खोड लगेच जात नाही.

एका गणिताच्या मास्तरांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जन्म दिला. गोगलगाय त्यांच्या दोन दात पडलेल्या मुलीने काढली. तिने गोगलगाईला हसरं तोंड दिलं होतं. मास्तर म्हणाले, "बाळा, हसणारी गोगलगाय बघितली की पोरं मोजायचं विसरतील." तोंड खोडलं गेलं. पण नीट बघितलंत तर खोडल्याची एक बारीक खूण अजून दिसते.

मला कशासाठी जन्माला घातलं, ते सांगतो. कोणत्या देशातली माणसं किती शिकलेली, हे पूर्वी शाळेच्या वर्षांवरून ठरवत. अमुक देशात माणूस सरासरी आठ वर्षं शिकतो, तमुक देशात बारा. पण चूल पेटली म्हणजे स्वयंपाक झाला असं नसतं. बारा वर्षं बाकावर बसून कोणाला रेघही मोजता येत नसेल तर? माणसांच्या डोक्यात आणि हातात जे असतं त्याला अर्थतज्ज्ञ मानवी भांडवल म्हणतात. ते मोजायचं तर सगळ्या देशांतल्या मुलांना सारखेच प्रश्न विचारायला हवेत, आणि चार वर्षांनी पुन्हा परीक्षा घेताना त्यातले काही जुनेच प्रश्न ठेवायला हवेत. नाहीतर मुलं हुशार झाली की प्रश्न सोपे झाले, हे कळणार कसं? दोन दोर जोडायला गाठ लागते. मित्रांनो, मी ती गाठ होतो.

म्हणून मला कुलपात ठेवत. परीक्षा झाली की माझ्या पुस्तिका मोजून लोखंडी कपाटात जात. चाळीस देशांत चाळीस कपाटं. भाषा बदलायची, गोगलगाय तीच. दहा वर्षांची मुलं माझ्यावर वाकायची तेव्हा त्यांचा श्वास मला लागायचा. कोणी पट्टी शून्याऐवजी एकपासून लावायचं. कोणी गोगलगाईच्या शिंगापासून मोजायचं. एकाने लिहिलं, 'ती दमली आहे, उद्या जाईल.' त्याला शून्य मिळालं, पण तपासनीस बराच वेळ हसत होते. आकडेतज्ज्ञ मला खात्रीचा प्रश्न म्हणायचे. मी फुलून जायचो.

आता ज्या बाईंमुळे मी हे सांगतोय, त्यांच्याकडे येतो. परीक्षेच्या पाचव्या फेरीत एका देशातल्या लांबट खोलीत पुस्तिका तपासल्या जात होत्या. तिसऱ्या टेबलावर एक तपासनीस बाई होत्या. चष्म्याची दोरी गळ्यात, शेजारी चहाचा थर्मास. त्यांच्या समोर नियमांचं पान असायचं:

बरोबर: १.
चूक: ०.
कोरं: ९.
दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतील. त्याहून जास्त नाही.

बाईंची ताई एका शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने वर्गांसाठी एक मोजपेटी तयार केली होती. त्यात फीत, सुतळी, मापाचे पेले आणि छोटा तराजू होता. मुलं बाकं मोजायची, दारं मोजायची, एकमेकांची नाकंही मोजायची. शिक्षण खात्याने चारशे शाळांना ती पेटी दिली होती, आणि ठरलं होतं की या फेरीत मोजमापाचे गुण घसरले तर पेटी बंद. मोजमापाचे जुने प्रश्न चारच होते. त्यांतला एक मी.

त्या सकाळी बाईंनी नवा गठ्ठा उघडला. शून्य. पुढची पुस्तिका, शून्य. पुन्हा शून्य. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे बारा मुलांनी मला एकच उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तरापेक्षा ते अर्ध्या सेंटिमीटरने कमी होतं.

बाई उठून पर्यवेक्षकांकडे गेल्या. ते नियमांच्याच भाषेत बोलायचे, म्हणून मागे सगळे त्यांना 'परिपत्रक' म्हणत.

"सर, ही पोरं चुकलेली नाहीत."

"उत्तर चूक म्हणजे पोरगं चूक. शून्य द्या आणि पुढचं घ्या."

"शून्य देतेच आहे. पण पोरं आपापल्या अकलेनं चुकतात हो. सगळी एकाच पायरीवर कशी घसरतील?"

"कॉपी केली असेल."

"सहा शाळा आहेत, तीन जिल्ह्यांतल्या. कॉपी काय चालत गेली?"

"गोगलगाईच्या पाठीवर बसून," मागून कोणीतरी म्हणालं आणि टेबलं हसली.

परिपत्रक हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ती मोजपेटी तुमच्या ताईंची ना? उद्या लोक म्हणतील, बहिणीसाठी बहीण धावली. तुमचं काम जाईल, त्यांची पेटीही जाईल. विचार करा."

बाई जागेवर आल्या. माझ्यावर कोपर टेकून त्यांनी ताईला फोन लावला. मी सगळं ऐकलं.

"ताई, काहीतरी गडबड आहे. पण मी तोंड उघडलं तर तुझंच नाव खराब होईल गं."

"तू मोजलंस का?"

"काय?"

"जे काही आहे ते. मोजलंस?"

"नाही अजून."

"मग चारशे शाळांत मी काय शिकवतेय? आधी मोज. मग रड."

बाईंनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. काल तपासलेल्या गठ्ठ्यातली एक पुस्तिका आणि आजची एक पुस्तिका त्यांनी घेतली. माझी दोन पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेशी धरली. गोगलगाईवर गोगलगाय जुळवली. पण चित्रातल्या झाडाच्या पानावर पान जुळेना. आजची रेघ आखूड होती.

पुस्तिकेच्या पाठीवर छापखान्याचं नाव असतं. कालची एका छापखान्यातली होती, आजची दुसऱ्या. दुसऱ्याचा लांब कागद संपला होता, म्हणून त्याने आखूड कागदावर पान थोडं लहान करून बसवलं होतं. बेरजेच्या प्रश्नाला त्याने काही फरक पडत नाही. मला पडतो. त्या एकशे बारा मुलांनी समोरची रेघ अगदी बरोबर मोजली होती.

बाईंनी एकाही शून्याला हात लावला नाही. त्या दोन्ही पानं घेऊन पुन्हा पर्यवेक्षकांसमोर उभ्या राहिल्या.

"गुण देणं आपलं काम आहे, मोजणं नाही," ते म्हणाले.

"मग मोजायचं कोणी, सर?"

परिपत्रकांनी दोन्ही पानं हातात घेतली. मग त्यांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली. मोजलं. चष्मा बदलून पुन्हा मोजलं. नंतर कोरा कागद ओढून अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली आधी स्वतः सही केली.

"तुमची नंतर," ते म्हणाले. "पहिली तुमची असली तर बहीण-बहीण करत बसतील."

त्या दिवसापासून खोलीत त्यांना कोणी परिपत्रक म्हटलं नाही. निदान आठवडाभर तरी.

मुख्य कचेरीने त्या देशापुरतं मला हिशेबातून वगळलं. मित्रांनो, खात्रीच्या प्रश्नाला हे ऐकणं सोपं नव्हतं. पण मला काढलं तेच बरोबर होतं. उरलेल्या तीन प्रश्नांत त्या देशातल्या मुलांचे गुण आधीपेक्षा थोडे वाढलेले निघाले. फार नाही, थोडेच. मोजपेटी राहिली.

पुढे परीक्षा संगणकाच्या पडद्यावर आली. पडद्यावर कागदाची पट्टी कोण टेकवणार? मी दोन फेऱ्या कपाटातच पडून राहिलो. कोणी कुलूप उघडलं की वाटायचं, मलाच न्यायला आलेत. शेवटी मला मोकळं केलं आणि एका जाड अहवालाच्या मागे नमुना म्हणून छापलं. आता मला कोणीही पाहू शकतं. सहसा कोणी इतकी पानं उलटत नाही.

पण तुम्ही उलटलीत, म्हणून एक मागणं. देशांच्या मोठमोठ्या याद्या तुम्ही वाचाल. हा वर, तो खाली. त्या याद्या खोट्या नसतात. त्यांच्यामागे तिसऱ्या टेबलावर बसणारी, मान मोडून काम करणारी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळेच कुठल्या मुलांना अजून काय द्यायला हवं ते जगाला कळतं. त्या माणसांना जपा. आणि कोणी कमी पडलं असं म्हणण्याआधी एकदा पान खिडकीशी धरून बघा.

रेघ आठ सेंटिमीटरची आहे.