खालच्या खणातला जबाब

सरकारी वकीलबाईंची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं कचेरीत म्हणत. खटला उभा राहण्याआधी आरोपीच्या वकिलाला जे जे कागद द्यायचे असतात, ते बाई स्वतः मोजत, स्वतः टाचत आणि सहीनिशी पोच घेत. त्यामुळे एका रंगाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात त्यांनी एक जबाब यादीतून गाळला, तेव्हा कुणाला शंकासुद्धा आली नाही.

जबाब कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचा होता. खून झाला त्या दुपारी चार ते पावणेपाच रंगारी माझ्या दुकानात डोळे तपासून घेत बसला होता, एवढंच त्यात होतं. म्हातारा विसराळू असणार, त्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडत असणार, अशी बाईंनी मनाची समजूत घातली आणि कागद खालच्या खणात सारला. रंगाऱ्याला जन्मठेप होईल हे त्यांना कळत होतं. लाजही वाटली, पण हाताशी आलेला खटला सोडण्याइतकी नाही.

पुढच्या सोमवारी कारकुनाने विचारलं, "बाई, चार वाजता कुठे गेला होतात?"

"इथेच तर होते," त्या म्हणाल्या. टेबलावरचा चहा मात्र साय धरून गार झाला होता.

बुधवारी मुलगी शाळेच्या फाटकाशी रडवेली होऊन उभी होती. "आई, तू चारला येणार होतीस ना?" बाईंच्या हिशेबाने त्या चारलाच पोचल्या होत्या. मनगटावर पावणेपाच वाजून गेले होते.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "काल चार वाजता तुमच्या सहीने मुद्देमालाचा एक डबा बाहेर गेला, तो परत आला नाही. तुम्ही नेला नसेल, तर तेव्हा कुठे होतात ते सांगणारं कुणीतरी आणा. नाहीतर गुन्हा दाखल करावा लागेल."

बाई आपल्या खोलीत परतल्या. रुमाल शोधताना पर्समध्ये हाताला काहीतरी कडक लागलं. चष्म्याचं घर होतं, आत नवाकोरा चष्मा. बाईंनी आजवर कधी चष्मा लावला नव्हता. लावून पाहिला, तर समोरच्या पाटीवरची अक्षरं लख्ख दिसली.

साडेतीनला त्या दुकानात शिरल्या. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मनगटाशी ताडून पाहिलं. ते मिनिटभरही मागे नव्हतं.

"आज लवकर आलात," म्हातारा म्हणाला.

"मी इथे येते?"

"रोज. चार ते पावणेपाच. त्या खुर्चीत बसून समोरची अक्षरं वाचता. शेवटची ओळ आली की थांबता."

"काल? काल आले होते?"

"आला होतात की."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या त्याच खुर्चीत बसल्या. "आजोबा, माझ्यावर नसतं बालंट आलंय हो. एवढं लिहून द्याल?"

म्हाताऱ्याने हातातली काच उजेडात धरली, फुंकर मारून पुसली.

"लिहून दिलंय की, बाई," तो म्हणाला. "तुमच्याच खालच्या खणात आहे ना ते."