डांबराखालचे मीठ

मित्रांनो, मी एका जुन्या टेम्पोची चासी आहे, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. इंजिन, हौदा, माणसे, मासे, सगळ्यांचा भार माझ्यावर. पण लोक गाडीचा रंग बघतात, दिवे बघतात. वाकून माझ्याकडे कोण बघतो? आता केरकेन्ना बेटावर एका खजुराखाली मी विटांवर टेकून पडले आहे. चाके नाहीत, कॅबिन नाही. दिवसचे दिवस कोणाचा आवाज कानी पडत नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यातला. तिथले फारसे आठवत नाही. आठवते ते फरहातचे घर. होडी विकून त्याने मला घेतले. रोज सकाळी मासे आणि ऑक्टोपस भरून आम्ही धक्क्यावर जायचो, तिथून ते फेरीबोटीने समोरच्या स्फाक्स शहराला जायचे. टोपल्यांतले खारे पाणी माझ्या अंगावर ठिबकत राही. परतताना फरहातची लेक नायला शाळेपाशी चढे आणि हौद्यात पाय आपटत गाणी म्हणे. तो ठेका मला खाली कळे. मी फार सुखात होते हो.

मग अंगाला गंज धरला. फरहातने रंगारी ताहरला बोलावले. तो उताणा होऊन माझ्याखाली शिरला.

"काका, लोखंड अजून दणकट आहे," तो खालूनच म्हणाला. "वर जस्ताचा प्रायमर मारू, नाहीतर काळा रबरी रंग. काहीच नको असेल तर दरवर्षी ग्रीस चोपडा. पण काहीही लावा, आधी घासून गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढा. सात-आठ बादल्या तरी लागतील."

"आठ बादल्या!" फरहात हसला. "टाक्याचा तळ दिसायला लागलाय. आम्ही काय तुझं ग्रीस प्यायचं?"

त्या वर्षी पाऊस रुसला होता. घरात प्यायला पावसाचेच पाणी, अंगणातल्या टाक्यात साठवलेले.

"माझ्या बापाची होडी जन्मभर टिकली," फरहात म्हणाला. "समुद्राच्या पाण्यानं धुवायची आणि डांबर फासायचं, बस. मिठानं लाकूड मुरतं, पक्कं होतं."

"काका, हे लाकूड नाही."

"मला मीठ शिकवतोस? बेट्या, माझ्या अंगात रक्ताच्या जागी तेच आहे!"

त्याची बायको मन्नूबिया दारातून म्हणाली, "अरे फरहात, धू तिला गोड्या पाण्यानं. मी कसंही भागवीन. उद्या पोरगी सासरी निघाली की ह्याच गाडीतून तिला धक्क्यावर न्यायचीय."

"नेऊ की! अशी चकचकीत करतो, जावई गाडीकडेच बघत बसेल."

त्याने मला किनाऱ्यावर नेले, समुद्राच्या पाण्याने धुतले आणि वर जाड डांबर फासले. त्याच्यावर राग धरू नका. घरातल्यांच्या तोंडचे पाणी त्याने राखले होते. जो तो वाकून म्हणे, "वा फरहात, नवी केलीस!" वरून मी तरणीताठी दिसत होते आणि आत डांबराखाली कोंडलेले मीठ मला खात होते. ओरडावे तर मला तोंड नव्हते.

नायलाचे लग्न झाले. नवरा समुद्रापलीकडे, मार्से शहरात कामाला. ती निघाली त्या दिवशी हौद्यात गाद्या, भांडी आणि जावई, पुढे ती आईबापांमध्ये. मन्नूबियाच्या मांडीवर गोड्या पाण्याची सुरई होती. निघालेल्या माणसाच्या पाठीमागे पाणी ओतले की ते माणूस परत येते, अशी इथली रीत. बोट सुटताना ती धक्क्यावर ओतणार होती.

धक्का दिसू लागला आणि एका खड्ड्यात मी मधोमध मोडले. सुरई फुटली. सगळे पाणी पत्र्यावरून गळून माझ्या अंगावर आले. आयुष्यात पहिल्यांदा मला टाक्यातले गोडे पाणी मिळाले, ते हे असे.

बोटीचा भोंगा झाला. मागून आलेल्या गाडीत दोघांपुरतीच जागा होती.

"जा पोरी, बोट थांबायची नाही," फरहात म्हणाला.

"बाबा, आईचं पाणी..."

"जा म्हणतो ना!"

मन्नूबिया रिकामे हात घेऊन रस्त्यात उभी राहिली. पुढे दोन हिवाळ्यांनी ती गेली. मातीला नायलाला पोचता आले नाही. अजून ती आलेली नाही. फोन येतो.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, गाडी असेल, तर रंग निवडताना चार जणांना जरूर विचारा. पण त्याआधी खालचे मीठ धुऊन काढा. दुष्काळ असला तरी त्यासाठी थोडे पाणी बाजूला ठेवा.

यंदा पाऊस चांगला झाला. टाके काठोकाठ भरले आहे आणि पिणारा एकटा फरहात. तो बादली घेऊन येतो, माझे डांबर खरवडतो आणि मोडलेला सांधा सावकाश धुतो. "घे, पाहिजे तेवढं घे," असे पुटपुटतो. आता त्याचा मला काय उपयोग, हे दोघांनाही ठाऊक आहे.

बादलीच्या तळाशी मात्र तो तांब्याभर पाणी राखतो. काठी टेकत रस्त्यावर जातो, धक्क्याच्या दिशेने ते ओततो आणि ओली माती वाळेपर्यंत तिथेच उभा राहतो.